लाल ठिपका

पुण्यातल्या एका ॲप कंपनीचे मालक शिरीष गुर्जर भर सभेत म्हणाले, "लोक आपलं ॲप दिवसातून ऐंशी वेळा उघडतात. याला म्हणतात प्रेम! उद्यापासून निरोप आलेला नसला तरी ॲपच्या चिन्हावर लाल ठिपका दाखवायचा, म्हणजे शंभरदा उघडतील. हे प्रेम नाही असं कुणी दाखवून दिलं, तर ठिपका रद्द!"

चाचणी विभागातली हेमांगी डोईफोडे उठली. "गेल्या तासाभरात आपलं ॲप कुणी कुणी उघडलं?"

सभागृहातले सगळे हात वर गेले. मालकांचाही.

"त्यात काय पाहिलं, ते एकाने तरी सांगा."

एकेक हात खाली आला. मालकांनी डोळे मिटून डोक्याला ताण देऊन पाहिला, पण काही म्हणता काही आठवेना.

हेमांगी शांतपणे म्हणाली, "सर, आवडत्या माणसाला भेटून आलं की त्याचं बोलणं आठवत राहतं. खाजवलेलं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आपण लोकांना खाज लावली आहे."

कुणी हसलं नाही. एवढ्याशा प्रश्नाने सगळे थक्क झाले होते.

मालकांनी हातातला फोन पालथा ठेवला. "ठिपका रद्द," ते म्हणाले. "आणि हेमांगी, पुढच्या सभेत आधी तू बोलायचं, मग मी."