हिरव्या दिव्याची पाळी

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी जवळ सरकावं, थोरांनीही कान द्यावा.

एका डोंगराच्या अंगाखांद्यावर आठ वाड्या होत्या आणि त्याच्या पोटातून काचेची एक लांबलचक नळी गेली होती. ती कुणी घातली, देव जाणे! प्रत्येक वाडीत तिचं एक तोंड होतं. एका तोंडाशी दिवा धरला की उजेड बाकीच्या साऱ्या तोंडांशी दिसायचा. दिव्यापुढे रंगीत काच धरून, झाकण उघडून-मिटून लोक निरोप धाडत. ज्याचा त्याचा रंग वेगळा, म्हणून सगळे एकदम बोलले तरी कुणाचं कुणात मिसळत नसे.

पण रंग सात आणि वाड्या आठ. म्हणून माथ्यावरची वाडी आणि रानाकडची वाडी, दोघींत हिरवा रंग सामायिक. रीत अशी होती की आधी नळीला डोळा लावायचा आणि वीस मोजायचे. तेवढ्यात हिरवं काही दिसलं, तर ते थांबेपर्यंत गप्प बसायचं.

रानाकडचा दिवा एक म्हातारा सांभाळी. त्या रानात मध्येच पांढरं धुकं उतरे आणि त्यात शिरलेलं माणूस पुन्हा कुणाला दिसत नसे. हिरवा दिवा स्थिर असला तर वाट मोकळी, एकसारखा लुकलुकला तर धुकं आहे, थांबा. हे पोराटोरांनाही पाठ होतं.

माथ्यावरचा दिवा तानाक्काकडे होता. बाई मोठी तोऱ्याची, आणि उतावळी तर विचारूच नका. त्या दुपारी तिची लेक सारजा रानापलीकडच्या वाडीतून पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. येताना दुभती शेळी आण, एवढं तानाक्काला सांगायचं होतं. आधी डोळा लाव गं, असं शेजारीण म्हणाली, तशी ती फणकारली.

"त्या म्हाताऱ्याचं कधी संपायचं आणि मी कधी बोलायचं? दोन शब्दांना कसली आलीय पाळी?"

आणि तिनं झाकण उघडलं.

नेमका तेव्हाच म्हातारा धुक्याचा इशारा देत होता. दोघांचे हात एकाच मापाला सरावलेले. तो मिटे तेव्हा ही उघडे, ही मिटे तेव्हा तो उघडे. पलीकडे सारजानं नळीत पाहिलं, तर हिरवा दिवा अगदी स्थिर. वाट मोकळी आहे, असं सासूला सांगून ती निघाली.

धुकं ओसरल्यावर लोकांनी रान पिंजून काढलं. ओल्या मातीत सारजाची पावलं होती. अर्ध्या वाटेवर ती संपली होती आणि पुढची माती कोरी होती. आपण इशारा दिला होता, असं म्हातारा शपथेवर सांगू लागला, तेव्हा तानाक्काला आपण उघडलेलं झाकण आठवलं.

"माझ्याच हातानं मी तिला आत धाडलं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं रीत कधी मोडली नाही. रोज ती नळीला डोळा लावते आणि रोज आत हिरवा उजेड लुकलुकत असतो. म्हातारा म्हणतो, माझा दिवा विझलेला आहे. बाकीच्या वाड्याही हात झटकतात. तो उजेड एकच विचारत राहतो, "आई, निघू का?"

नको, एवढंच तिला सांगायचं असतं. पण उजेड क्षणभरही थांबत नाही. तानाक्का वीस मोजते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.

बाळांनो, वाट साऱ्यांची असेल तिथे दुसऱ्याचं बोलणं संपू द्यावं, मगच आपलं तोंड उघडावं.