न उडालेला बार

बाळांनो, ही गोष्ट फार फार जुन्या काळातली. मोठ्यांनीही ऐकावी अशी.

नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची कुंभाराची मुलगी होती. वय अवघं पंधरा, पण चाकावर तिच्या बोटांखाली माती अशी वर चढे की तिचे वडीलही हातचं काम सोडून बघत राहत. भिवा तिचा थोरला भाऊ.

गावदेवीच्या जत्रेत रात्री शोभेची दारू उडाली. दारूकाम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने जाताना सगळ्यांना बजावलं, "न उडालेल्या बाराला मेलेला समजू नका. त्याच्यापासून लांब राहा."

सकाळी माळावर बहीणभावांना तसाच एक बार दिसला. वात जळून नखाएवढी उरलेली. भिवाने चुलीतलं पेटतं काटूक आणलं आणि सगुणापुढे धरलं.

"लाव बघू."

"नको रे दादा. ते दारूकामवाले म्हातारबाबा काय म्हणाले ऐकलंस ना?"

"भित्री! नुसती मडकी थाप घरात बसून."

सगुणाला ते लागलं. तिने काटूक घेतलं आणि वाकली.

आवाज नदीपलीकडे ऐकू गेला.

वैद्यांनी शर्थ केली. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं आणि एक डोळा मात्र गेला. वडिलांनी विचारलं तेव्हा भिवा खाली मान घालून म्हणाला, "ती आपणहून गेली." खाटेवर पडलेल्या सगुणाने ते ऐकलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन महिन्यांनी ती पुन्हा चाकावर बसली. माती वर चढली, डगमगली, कोसळली. तिने पुन्हा गोळा ठेवला. पुन्हा कोसळला. सातव्यांदा भिवाला बघवेना. तो वडिलांच्या पाया पडला. "मी डिवचलं तिला. आणि वर खोटं बोललो."

वडिलांनी त्याला उठवलं. मग म्हणाले, "तुझ्या बोलण्याने तिचा डोळा यायचा नाही. पण हेच चावडीवर सांग. दुसऱ्या कुणाचा तरी वाचेल."

भिवाने सांगितलं. त्या वर्षी सांगितलं, आणि पुढे दर जत्रेला, सगळ्या गावासमोर उभं राहून, केस पिकेपर्यंत सांगितलं. पोरं ऐकत. त्या माळावर पुन्हा कुणाचा हात गेला नाही. सगुणाला मात्र पहिल्यासारखं मडकं कधीच घडवता आलं नाही.

तात्पर्य: आगीशी खेळायला दुसऱ्याला डिवचणारा त्याच्या जखमेच्या दोषातून कधीच सुटत नाही.