रिकामा कप्पा

"पण चूक कुणाची, अण्णा?" अमोघने विचारले. "माझी तर नाही."

अण्णा शेंगा सोलत राहिले. टेकडीवरचे हे बालघर तेच चालवत. कॉलेज संपवून अमोघ त्यांच्याकडे शिकायला आला होता, आणि आल्या आल्या त्याने मुलांची वहीतली यादी संगणकावर चढवली होती. आज सकाळी ती पहिल्यांदा दालनातल्या पडद्यावर झळकली.

चाळीस मुले. एकोणचाळीस नावे.

"तीन कप्पे आहेत," अमोघ म्हणाला. "नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही जोडून एक ओळ होते. एक जरी कप्पा रिकामा असला, तरी अख्खी ओळच रिकामी. नियम आहे तसा."

"तुझ्या यंत्राला शेवंती दिसलीच नाही? सकाळी माझ्या चहात मीठ तिनेच टाकलं."

"अण्णा, नियम..."

"कुणी केला?"

"...मी. पण माहितीच अपुरी असेल तर मी काय करणार?"

"हे तिला सांग."

नऊ वर्षांची शेवंती फाटकाशी बसली होती. शेजारी तिची पत्र्याची पेटी. कपडे, वह्या, ओढ्यातून जमवलेले दगडसुद्धा तिने भरले होते. यादीत आपण नाही म्हणजे घरातही नाही, असे तिचे ठरून गेले होते.

अमोघ तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कुठे निघालीस?"

"माहीत नाही. कुठे जायचं असतं, दादा?"

"तुझं पूर्ण नाव सांग बरं."

"शेवंती."

"पूर्ण गं."

"पूर्णच सांगितलं."

अमोघ उठून आत गेला. आपला नियम त्याने पुसला आणि नवा लिहिला: जे असेल तेवढेच जोडावे, नसेल त्यासाठी अडू नये.

पडद्यावर चाळिसावी ओळ उमटली. शेवंती.

तो धावत बाहेर आला. "अण्णा, चाळीस! चाळीस झाली!" मग त्याचा आवाज खाली आला. "आता तरी सांगा... चूक माझीच होती ना?"

अण्णा फाटकाशी पोहोचले होते. शेवंती पेटी तिथेच टाकून खिडकीच्या गजांना धरून, टाचा उंचावून पडद्याकडे बघत होती.

अण्णा वाकले. पेटीची एक कडी त्यांनी हातात घेतली.

"दगड आहेत आत," ते अमोघला म्हणाले. "दुसरी कडी तू धर."