केरबाची पकड

पंचगंगेच्या काठी एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. अंगानं रेड्यासारखा, मनानं लोण्यासारखा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

गावच्या शाळेतून भरदिवसा भांडी चोरीला जात होती. हेडमास्तरांना राखणदार हवा होता. पण शाळेच्या आवारात मारामारी नको, चोराला नुसतं धरून ठेवणारा माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. तालुक्याला नीलोफर मॅडम ब्राझीलची जुजुत्सू शिकवायच्या. त्यात ना ठोसा, ना लाथ. समोरच्याला आडवा पाडून जखडायचं, बस्स. ते शिकून आलास तर नोकरी तुझी, हेडमास्तर केरबाला म्हणाले. केरबाची बायको शेवंता हरखून गेली. नवऱ्याला चांगल्या कामाला कुणी विचारलं ते हे पहिल्यांदाच.

केरबा तालुक्याला नाव घालून आला. मॅडमनी सांगितलं होतं, उद्या नखं काढून या, नाहीतर दुसऱ्याला ओरखडे उठतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमच्या हातात कागदाची पुडी ठेवली.

"वीस हाईत. बघून घ्या."

मॅडमनी पुडी उघडली आणि लगेच मिटली. असल्या वस्तू घरीच ठेवून यायच्या, त्यांनी समजावलं. मग त्याला जाड पांढरा सदरा, विजार आणि पट्टा दिला. उद्यापासून हा पोशाख, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी केरबा धोतरातच हजर. पोशाख कुठंय, तर घरी ठेवलाय, ट्रंकेत.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "केरबा, मी सांगितलेली वस्तू अंगावर घालून यायची. आणि उद्या पाणी विसरू नका."

चौथ्या दिवशी केरबा पोशाख घालून आला, पण निथळत. अख्खी कळशी अंगावर घातली होती. गादीवर तळं साचलं. मॅडमनी त्याला उन्हात उभं केलं आणि सावकाश सांगितलं, पाणी प्यायला बाटलीतून आणायचं, आणलेल्या बाटलीचं तोंड घट्ट बंद करायचं, ती दाराबाहेर ठेवायची आणि शिकवणी संपल्यावरच उघडायची. उद्या आपल्या वजनाचा एक जोडीदार मात्र आणा.

केरबा खालमानेनं घरी गेला. चार दिवस झाले, अजून एक डाव शिकला नव्हता, आणि शेवंतानं तर आळीभर सांगून ठेवलेलं. यावेळी चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं.

पाचव्या दिवशी तो एकटाच आत आला. जोडीदार कुठंय, मॅडमनी विचारलं.

"दाराबाहेर ठेवलाय."

मॅडम बाहेर धावल्या. चपलांच्या रांगेत केरबाचा मेव्हणा सिदू बसला होता. तोंडावर टॉवेल करकचून बांधलेला, डोळे बाहेर आलेले.

सिदूला मोकळं केलं आणि एकदाची पहिली शिकवणी सुरू झाली. केरबानं सिदूला असा दाबला की सिदू गादी थापटायला लागला. केरबाला वाटलं, ताल धरलाय. त्यानं आणखी दाबलं. शेवटी चौघांनी ओढून त्याला बाजूला काढला.

"ध्यानात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "कुणी थापटलं की त्याला लागलंय. त्याच क्षणी सोडायचं."

केरबाला फार वाईट वाटलं. घरी येईस्तोवर तो ते वाक्य घोकत होता.

महिनाभरात तो तयार झाला. नोकरी लागली. तिसऱ्याच दुपारी एक चोर खिचडीचं पातेलं घेऊन भिंतीकडे निघाला. केरबानं झेप घातली, त्याला पालथा पाडला आणि हातपाय असे आवळले की चोराला बोट हलवता येईना. वर्गच्या वर्ग बाहेर आले. शेवंता धावत आली, नवऱ्याकडे बघून तिचे डोळे भरले. हेडमास्तरांची तर छाती फुगली. शाब्बास म्हणत त्यांनी केरबाची पाठ थोपटली.

केरबानं त्याच क्षणी पकड सोडली.

चोर पातेल्यासकट भिंतीपलीकडे गेला. केरबानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो घाईनं उठला आणि काळजीनं हेडमास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, फार लागलं का?"