चुन्याचे दगड आणि बाईंची हाक

एका डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती, आणि त्या शाळेच्या तळ्यातल्या गोगलगाई एका सकाळी पाणी सोडून वर येऊन बसल्या होत्या. एकूण एक सगळ्या, लव्हाळ्याच्या देठांना घट्ट चिकटून.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण त्या शाळेत एक नव्या बाई शिकवायला आल्या होत्या आणि त्यांचं काळीज सशाचं होतं. डस्टर पडलं तरी त्या दचकायच्या. पाल चुकचुकली की पुस्तक टाकून उभ्या राहायच्या. पोरं मागून म्हणायची, "बाईंना शिंक आली तरी बाईच घाबरतात!" पण सदा कानोसा घेत जगणाऱ्याला बारीकसारीकही दिसतं.

तळं बाईंमुळेच झालं होतं. धडा पाण्यातल्या प्राण्यांचा होता. येसू नावाची एक चुरूचुरू बोलणारी मुलगी मधेच उठली. "बाई, बेडकाच्या पिल्लाला शेपटी असते म्हणता, मग ती जाते कुठं? गळून पडते?"

बाईंनी उत्तर सांगितलं, पण येसूला काही पटेना. शेवटी बाई म्हणाल्या, "चल, आपण बघूच."

आणि बघण्यासाठी शाळेमागं तळं खोदायला घेतलं. मोठी मुलं कुदळ चालवत, लहान मुलं हातोहात घमेली पुढं सरकवत. पाणी झिरपू नये म्हणून कुंभाराकडची चिकणमाती आणून सगळ्यांनी ती नाचून नाचून तुडवली. एक बाजू मुद्दाम उतरती ठेवली. चुकून पाण्यात पडलेल्या चिमणीच्या पिल्लालाही चालत बाहेर येता यावं, अशी. काठाला दगड रचले. मग एक रीतच पडली. येताना प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणायचं आणि दगडांवरून ओतायचं. खळखळ आवाज यायचा आणि पोरांना वाटायचं, आपल्या शाळेला नदी आहे.

आधी पाण्यावर पळणारे किडे आले. मग चतुर आले. मग एक बेडूक आला आणि पाठोपाठ शेपटीवाल्या पिल्लांची जत्राच. बेडूक पहिल्यांदा ओरडला, तशी बाईंच्या हातातली घंटा धाडकन खाली. येसू पोट धरून हसली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच आधी हाक मारत जा. म्हणजे तो ओरडला तरी दचकायला होणार नाही."

तेव्हापासून शाळा सुटली की बाई काठाशी येऊन हळूच म्हणायच्या, "डरांव?" आणि लव्हाळ्यातून जाडाभरडा आवाज यायचा, "डरांव!"

काल संध्याकाळी मात्र उत्तर आलं नव्हतं. आणि आज या गोगलगाई.

बाई वाकून बघू लागल्या. पाणी दुधाचं भांडं विसळल्यासारखं दिसत होतं. मागचे पाय फुटलेली दोन पिल्लं उलटी तरंगत होती. येसूनं बोट बुडवून वास घेतला. "बाई, याला तर आमच्या आजीच्या पानाच्या डब्यासारखा वास येतोय!"

पानाचा डबा म्हणजे चुना. बाईंनी मान वर केली. काठचे दगड पांढरेशुभ्र चमकत होते, मधून गेरूचा तांबडा पट्टा. उद्या तालुक्याहून पाहुणे येणार होते, आणि पाहुणे येणार म्हटलं की शाळेत चुना-गेरू व्हायचाच. पायऱ्यांना, कुंड्यांना, झाडांच्या बुंध्यांना. मोठ्या गुरुजींनी यंदा तळ्याचे दगडही रंगवून घेतले होते. आणि मुलं रोजच्या रीतीनं त्याच दगडांवरून तांबे ओतत होती. मायेनं आणलेलं पाणी चुना घेऊन तळ्यात उतरत होतं.

बाई धावतच मोठ्या गुरुजींकडे गेल्या. "गुरुजी, तळ्याचे दगड आजच काढावे लागतील."

"आज? अहो बाई, उद्या पाहुणे येताहेत!" गुरुजींचा आवाज असा खर्जातला की हजेरी घेताना खिडक्या थरथरत. "तळं खोदू द्या म्हणालात, दिलं. लोक म्हणाले, मास्तरीण पोरांना चिखलात लोळवते, तेही ऐकून घेतलं. आता कुठं जरा बरं दिसायला लागलंय. पाहुणे गेले की खुशाल काढा."

"तोवर आत काही जिवंत राहायचं नाही."

"एका बेडकासाठी शाळेची शोभा घालवता? मग ऐकून ठेवा. उद्या शाळेचं हसं झालं, तर मी ते तळं बुजवीन आणि तिथं झेंड्याचा ओटा बांधीन."

गप्प बसलं तर तळं तरी राहील, असं क्षणभर बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"उद्या पाहुणे विचारतील, या तळ्यात काय राहतं? मुलांनी काय सांगायचं गुरुजी? चुना?"

गुरुजी "तुमचं तुम्ही बघा" म्हणून आत निघून गेले.

त्या दिवशी शाळेत दुसरा धडा झाला नाही. जिवंत पिल्लं विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या माठांत ठेवली. दगड उचलून कुंपणापार नेले. चुनकट पाणी उपसून वाटेवर ओतलं, आणि विहिरीपासून तळ्यापर्यंत पोरांची रांग लागली. कुणी कुरकुरलं नाही. सगळ्यात लहान मुलगा तर गळका तांब्या घेऊन धावत होता, आणि तळ्याशी पोचेपर्यंत त्यात घोटभरच उरत असे. तो तेवढंच ओतून पुन्हा पळे.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पायऱ्या बघून खूश झाले, कुंड्या बघून खूश झाले. मग तळ्याशी आले. दगड नाहीत, काठ उखणलेला, पोरांच्या नखांत चिखल.

"हे होय तळं?" एक पाहुणे हसले. "मला वाटलं, म्हशी बसवता इथं!"

गुरुजींची मान खाली गेली. पण येसू पुढं झाली. दगड, चुना, तांबे, माठ, सगळं तिनं एका दमात सांगितलं. "आणि साहेब, आमचा बेडूक बाईंशी बोलतो!"

"असं? मग बोलवा बघू."

बाई काठाशी गेल्या. "डरांव?"

लव्हाळं हललं नाही. पाहुण्यांनी तोंडाला रुमाल लावला.

बाईंनी पुन्हा हाक मारली. काहीच नाही. कानशिलं तापली, पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांना दिसलं, एक गोगलगाय शिंगं बाहेर काढून देठावरून खाली सरकत होती. तिच्यामागं दुसरी. दोघी सावकाश पाण्यात उतरल्या.

बाईंनी मान ताठ केली आणि चारचौघांत, खणखणीत आवाजात हाक दिली, "डरांव!"

पोरांनी श्वास रोखला होता. पाहुणे परत जायला वळले होते. आणि बाईंच्या अगदी पाठीमागून, शाळेच्या खिडक्या थरथरवणारा तो हजेरीचा खर्जातला आवाज आला,

"डरांव!"

बाई मुळीच दचकल्या नाहीत. हाक आधी त्यांनीच मारली होती.

तात्पर्य काय, तर ज्याच्यावर आपली माया आहे त्याला नटवण्याआधी त्याला काय सोसतं ते बघावं; आणि त्यासाठी कुणी भीत भीत का होईना हाक दिली, तर तिला ओ द्यावी.