राई तिप्पट झाली, त्याची गोष्ट

एका जंगलात एक खेकडी राहत असे आणि ती सदा वैतागलेली असे. मुलांनो, तिला हसू नका. गोष्ट पुरी ऐकलीत की तुम्हीही वैतागाल. मी तर ही गोष्ट सांगायला बसलो की पहिल्या वाक्यालाच माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

त्या जंगलाच्या मधोमध एक राई होती. जुन्या, उंच झाडांची आणि भर दुपारीही गार. तिथले नियम जनावरांनी फार पूर्वी ठरवले होते. राईत कुणी उकरायचे नाही, फांदी मोडायची नाही, शिकार करायची नाही. हद्द कळावी म्हणून कडेच्या झाडांवर गवा शिंगे घासून खुणा करून ठेवी. राईच्या वरच्या टोकाला एका मोठ्या दगडाखालून झरा निघत असे. उन्हाळ्यात साऱ्या जंगलाला पाणी पाजणारा तो एवढा एकच झरा होता. आपली खेकडी त्याच दगडाखालच्या बिळात राही.

त्या वर्षी पळस फुलले तेव्हा खेकडीच्या पोटाखाली पिल्ले होती. तिच्या जातीची पिल्ले अंड्यातून बाहेर आली तरी पावसाळा लागेपर्यंत आईच्या पोटाला चिकटून असतात. ओल तुटली की ती जगत नाहीत. आणि नेमका त्याच वर्षी झरा बारीक झाला. आदल्या वर्षी या दिवसांत पाणी तिच्या पाठीवरून वाहत होते. आता ते जेमतेम पायांना लागत होते, तेही गढूळ.

पाण्याला काय झाले ते पाहायला ती वर चढली. झऱ्याच्या वर एक मोठा उतार होता. पावसाचे पाणी त्या उतारावरच्या पाचोळ्यात नि मुळांत मुरायचे आणि मग सावकाश झऱ्याला यायचे. पण उतार पडला हद्दीबाहेर! रानडुकरांनी कंदांसाठी तो नांगरल्यासारखा उकरला होता. वानरांनी कोवळ्या पाल्यासाठी झाडे बोडकी केली होती. गव्यांच्या कळपाने गवत खाऊन माती अशी तुडवली होती की पाऊस पडला तरी थेंब आत जाऊ नये. मात्र अर्धा उतार अजून शाबूत होता.

खेकडी तडक गव्याकडे गेली. गवा हा त्या जंगलाचा प्रमुख. अंगाने अवाढव्य, मनाने भला, आणि कुणाला नाही म्हणणे त्याच्या अगदी जिवावर येई.

"गवादादा, राईची हद्द वर उतारापर्यंत न्या," खेकडी म्हणाली. "अजून अर्धा उतार शिल्लक आहे. तेवढा राखलात तर झरा टिकेल. नाहीतर हा उन्हाळा तो काढत नाही बघा."

"खरं आहे, ताई. राई वाढलीच पाहिजे," गवा म्हणाला. "सभा घेऊ."

झाली, सभा ठरली. त्या जंगलातल्या सभेची एक रीत होती. ठराव मान्य असेल त्याने उजवा पुढचा पाय जमिनीवर आपटायचा. सगळ्यांचे पाय पडले तरच ठराव मंजूर. गव्याने विचारले, "राई वाढवायची का?" धाड! एकही पाय मागे राहिला नाही. कोल्ह्याने तर दोनदा आपटला. "राई म्हणजे आपला जीव की प्राण!" असे म्हणून त्याने डोळेही पुसले.

"मग ती उताराकडे वाढवायची का?" गव्याने विचारले.

एकही पाय पडला नाही. रानडुकराने पाय उचलून पाहिला, जणू त्यात काटा गेला होता.

"वाढवा की, माझी कुठे ना आहे?" रानडुक्कर पुटपुटले. "पण तिथले कंद सोडून वाढवा. मला पोरंबाळं आहेत."

"आणि माझ्या पोटाला काय खडे चिकटलेत?" खेकडी कडाडली.

"चिडू नका हो," वानर फांदीवरून म्हणाले. "फक्त ती कोवळ्या पाल्याची झाडं सोडा. बाकी सगळा उतार घ्या. अगदी खुशाल घ्या."

"आणि ते... गवतही जरा बघायला हवं," गवा हळूच म्हणाला. "कळपाला काय सांगू मी?"

आता मला सांगा मुलांनो, कंद सोडले, झाडे सोडली, गवत सोडले, तर त्या उतारावर राखायला उरले काय? माती? तीही रानडुकराला उकरायला हवीच होती! कोल्ह्याने सुचवले की आधी पाहणी करावी. कुठलेही काम लांबवायचे असले की कोल्ह्याला पाहणी आठवे.

पाहणी तीन दिवस चालली. पाहणीला गेलेले सगळे पोट भरून, ढेकर देत परत आले. "उतार फारच उत्तम आहे," रानडुकराने सांगितले, आणि त्याच्या सुळ्यांना अजून ओली माती लागलेली होती.

इकडे झऱ्याचे पाणी खेकडीच्या पायांच्या टोकांशी आले. ती पुन्हा गव्याकडे गेली. तो म्हणाला, "विचार चालू आहे, ताई." ती चार दिवसांनी गेली, तेव्हाही विचार चालूच होता. आठ दिवसांनी गेली तेव्हा गवा तिला पाहून झाडामागे सरकला. एवढे मोठे धूड, आणि लपले कुणापासून? मुठीएवढ्या खेकडीपासून!

शेवटी कोल्ह्याने दुसरी सभा बोलावली. तो खुशीत होता.

"मंडळी, तोड सापडली," तो म्हणाला. "राईच्या पश्चिमेला तो मोठा कातळ आहे ना? तो राईत घ्या. राई एका दिवसात तिप्पट होईल, आणि कुणाच्या तोंडचा घासही जाणार नाही."

तो कातळ म्हणजे काळा, उघडाबोडका खडक. तिथे ना माती, ना झाड. दुपारी सरडादेखील त्यावरून पाय उचलून उचलून पळे. पण ठराव ऐकताच धाड, धाड, धाड! असे पाय पडले की राईतली पाखरे उडाली.

खेकडी आठही पाय आखडून धरून ओरडत होती, पण त्या दणदणाटात तिचा पाय पडला नाही हे कुणाला कळणार! "अहो, कातळात पाणी मुरत नाही! तिथे उकरायला कुणी जातंय का? मोडायला काही आहे का? मग तो राखताय कुणापासून?"

"ताई, तुमचं सगळं तिरकंच असतं," रानडुक्कर म्हणाले. "राई तिप्पट झाली, जरा आनंद माना की."

कातळावर शिंगे घासायला झाड नव्हते. म्हणून गव्याने चारही कोपऱ्यांवर शेणाचा एकेक पो टाकून हद्दीची खूण केली. संध्याकाळपर्यंत ते वाळून खडखडीत झाले. मग वानरांनी झाडाझाडावर जाऊन राई तिप्पट झाल्याची बातमी सांगितली. ऐकून सगळ्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

आणि पुढे जे झाले त्याने तर माझे डोकेच फिरते. रानडुक्कर म्हणाले, "आता एवढी मोठी राई आपण राखली. मग बाहेर थोडं मोकळं वागलं तर बिघडलं कुठे?" ते सगळ्यांना पटले. आधी कुणी उतारावर उकरताना इकडेतिकडे बघून तरी उकरत असे. आता तीही लाज गेली. जो अर्धा उतार शाबूत होता, तो महिन्याभरात साफ झाला.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी दगडाखालून पाणी आलेच नाही. खेकडी दोन दिवस बिळातल्या चिखलाला अंग लावून बसली. तिसऱ्या दिवशी चिखलाला तडे गेले. तेव्हा ती पोटाखालची पिल्ले सांभाळत बाहेर पडली आणि उन्हातून खाली निघाली. वाटेत तिला गवा भेटला.

"कुठे निघालात, ताई?"

"नदीवर."

"अहो, नदी दोन टेकड्यांपलीकडे! एवढ्या उन्हात पिल्लांना घेऊन?"

"मग काय तुमच्या कातळावर जाऊ? सावली आहे तिथे? की शेण चाटू?"

गव्याने मान खाली घातली. "कुणाला दुखवायला नको, एवढंच बघत होतो मी," तो म्हणाला.

"मला दुखवलंत ते चाललं," खेकडी म्हणाली, "कारण माझा पाय पडला काय नि न पडला काय, कुणाला ऐकू येत नाही." आणि ती पुढे गेली.

ती नदीवर पोहोचली का, असे तुम्ही विचाराल. पोहोचली. पोटाखालची सगळी पिल्ले मात्र पोहोचली नाहीत. किती पोहोचली, हे सांगायचे माझ्या जिवावर येते.

त्यानंतर चारच दिवसांत जंगलाच्या घशाला कोरड पडली. तिसरी सभा उतारावरच भरली, आणि या वेळी खुद्द रानडुक्कर पुढे झाले.

"तो उतार राईत घ्या!" ते ओरडले. "आजच्या आज घ्या!"

उतारावर आता एक कंद उरला नव्हता. वानरांना पान उरले नव्हते आणि गव्यांना काडी उरली नव्हती. त्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती. "मी तर पहिल्यापासून हेच सांगत होतो," कोल्हा म्हणाला. त्याच्याकडे पाहायचे त्राण कुणात उरले नव्हते, नाहीतर कुणीतरी त्याला शिंगावर घेतले असते.

गव्याने विचारले, "उतार राईत घ्यायचा का?"

सगळ्यांचे उजवे पाय एकदम पडले. उतारावरून धुळीचा असा लोट उठला की कुणाला कुणी दिसेना. सगळे खोकू लागले. ठराव मंजूर झाल्याचे गव्याला जाहीर करायचे होते, पण त्याचा घसा सुकला होता. दोन घोट पाणी प्यावे म्हणून तो सवयीने झऱ्याकडे वळला, त्याने दगडाखाली तोंड घातले, आणि त्याच्या जिभेला खेकडीचे कोरडे बीळ लागले.

तात्पर्य : जे कुणालाच नको आहे ते राखल्याने काहीच वाचत नाही, जे आपल्याला हवे आहे त्यावरचा हात, ते शिल्लक असतानाच, मागे घ्यावा लागतो.