पैलवान आणि हलकी लेकरं

सकाळचे आठ वाजले. राजवाड्यावरच्या घंटेचे आठ टोल पडले आणि तालमीचं मोठं दार उघडलं. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

हिवरे नावाचं एक लहानसं संस्थान होतं. तिथं हैबती नावाचा पैलवान राहायचा. अंगानं दांडगा, स्वभावानं अगदी गरीब. त्याची पाठ अजून कुणी मातीला लावली नव्हती. शेजारच्या संस्थानाचा माणूस दरवर्षी यायचा आणि हैबतीला म्हणायचा, आमच्याकडे चला, जास्त देऊ. ते ऐकून हिवऱ्याचे राजेसाहेब त्याहून जास्त द्यायचे. मैदान जिंकल्याबद्दल हैबतीला सोन्याचं कडं मिळालं होतंच. असं करत करत मग एका अख्ख्या गावाचा शेतसारा आला, बदामाची पोती आली, दावणीला दुभत्या म्हशी आल्या. हैबतीनं कधी तोंडानं मागितलं नाही. पण हे येतंय ते कुठून येतंय, असंही त्यानं कधी विचारलं नाही.

हिवऱ्यात एक रीत होती. कुस्त्यांचं मोठं मैदान महिन्यावर आलं की आखाड्याची माती नवी करायचे. त्या सकाळी गावातल्या आया आपली तान्ही लेकरं घेऊन तालमीत यायच्या. हैबती मांडी घालून बसायचा. एकेक लेकरू त्याच्या मांडीवर ठेवायचं, त्यानं ते दोन्ही हातांनी वर उचलायचं, कपाळाला तांबड्या मातीचा टिळा लावायचा आणि आईच्या हातात परत द्यायचं. पैलवानाचा जोर लेकरात उतरतो, अशी समजूत होती. अजून एक समजूत होती, ती मात्र वाईट. मांडीवर हडकुळं मूल आलं तर पैलवान मैदान हरतो म्हणे. म्हणून दिवाणजी स्वतः तिथं उभे राहायचे. यंदा तर त्यांनी दवंडीच दिली होती, की कुणी मरतुकडं मूल आणून अपशकुन केला तर त्या घरची चाकरी बंद.

रांगेत मालन उभी होती. मालन आणि तिचा नवरा दौलू गावच्या हौदात पाणी भरायचे. नदीवरून पाणी आणायचं, हौदात ओतायचं, पुन्हा नदीवर जायचं. त्याबद्दल संस्थानाकडून धान्य मिळायचं. दिवाळीपासून ते धान्य निम्मं झालं होतं. का झालं ते कुणी सांगितलं नाही. विचारायला गेलेल्या दौलूला दिवाणजींनी उलटं विचारलं होतं, की पाणी जड झालंय का तुला?

मालनच्या काखेत तिची लेक होती, गोजरा. सहा महिने होत आले तरी पालथी पडत नव्हती. रडायची तेसुद्धा दमल्यासारखी. तान्ह्या लेकराला पाजणाऱ्या बाईला भूक किती लागते, ते पाजणारीलाच माहीत. मालनच्या पोटात अर्धी भाकरी जायची, मग अंगावर दूध कुठून उतरणार? रात्र रात्र ती लेकीच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघायची. तालमीत न्यावं तर अपशकुन म्हणून चाकरी जाईल. न न्यावं तर बाकीच्यांच्या लेकरांना जोर मिळेल आणि आपलीच तेवढी राहील. आईचं मन, ते दोन्हीकडून भितं.

शेवटी तिला एक युक्ती सुचली. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, तेव्हा तोही बाळासारखाच दिसतो. मालननं घरातला लहान वरवंटा घेतला आणि दुपट्याच्या घडीत लेकीच्या पायाशी बांधला. आता उचलणाऱ्याला पोर जड लागेल, असं तिला वाटलं.

रांगेतली मागची बाई हसून म्हणाली, "मुलीला कशाला आणलंस गं? कुस्ती खेळायला पाठवणार का?"

"जगायलासुद्धा जोर लागतो, काकू," मालन म्हणाली.

तिकडे हैबती खुशीत होता. सकाळपासून हातात येणारी लेकरं त्याला फुलासारखी हलकी लागत होती. शेजारी बसलेल्या कासम वस्तादांना तो हळूच म्हणालासुद्धा, की यंदा हातात काहीतरी निराळाच जोर आलाय. वस्तादांनी नुसती दाढी कुरवाळली.

मालनची पाळी आली. तिनं गोजराला मांडीवर ठेवलं. हैबतीनं तिला उचललं आणि तो थांबला. दुपटं एका बाजूला ओढ घेत होतं. जन्मभर दगड उचललेला माणूस तो, दगडाचं वजन हाताला कसं लागतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं घडीत बोटं घातली. बोटांना गार दगड लागला. त्यानं मान वर करून मालनकडे बघितलं. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. दिवाणजी दोन पावलं पुढं सरकले.

हैबतीनं वरवंटा अलगद काढून आपल्या मांडीखाली सरकवला. मग पोरीला पुन्हा उचललं. या वेळी हातात जवळजवळ काहीच आलं नाही. नुसती ऊब तेवढी आली.

"जड आहे हो पोरगी," तो मोठ्यानं म्हणाला आणि तिच्या कपाळाला टिळा लावला. दिवाणजी मागं सरले.

दुपारी हैबती हौदावर गेला. गावचा पैलवान हौदावर आलेला बघून बायका घागरी तशाच सोडून बाजूला झाल्या. त्यानं फेट्यात गुंडाळून आणलेला वरवंटा मालनपुढं ठेवला.

"बाई, तुमचा वरवंटा. वाटणाला लागेल."

"वाटायला घरात काय आहे, पैलवानदादा?" मालन म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

मग त्यानं एकेक विचारून घेतलं. पाणी भरणाऱ्यांचं धान्य निम्मं झालं होतं. झाडणाऱ्यांचं निम्मं झालं होतं. दिवाबत्ती करणाऱ्यांचं झालं होतं, वेशीवरच्या राखणदारांचं झालं होतं. कधीपासून? तर दिवाळीपासून. दिवाळीलाच हैबतीला त्या गावाचा सारा तोडून दिला होता. हैबती हौदाच्या कठड्यावर बसला. सकाळपासून त्यानं उचललेली ती सगळी फुलासारखी लेकरं त्याच्या डोळ्यांपुढं आली. जोर आपल्या हातात आला नव्हता. लेकरांच्या अंगातलं वजन गेलं होतं.

तो वस्तादांकडे गेला. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, पैलवानकी दहा वर्षांची. गुडघा गेला की तुला कुणी ओळखणार नाही. मिळतंय तोवर घे." हे काही खोटं नव्हतं. हैबतीचा डावा गुडघा आत्तापासूनच जिना चढताना बोलायला लागला होता. त्यानं तो चोळला, वस्तादांच्या पायांना हात लावला आणि राजवाड्यावर गेला.

त्याचं सगळं ऐकून राजेसाहेब आधी हसले. म्हणाले, "अरे, पाणी भरणारे शंभर मिळतील. हैबती एकच आहे. तुला बघायला दहा गावची माणसं लोटतात. हौद भरताना बघायला कधी कोण थांबलंय?"

हैबतीला बोलायची सवय नव्हती. तरी तो म्हणाला, "मला बघून माणसं घरी जातात, महाराज. घरी गेल्यावर त्यांना तहान लागते."

राजेसाहेबांचं हसू कमी झालं. त्यांनी विचारलं, की शेजारचा दुप्पट देतोय, तू तिकडे गेलास तर आमच्या संस्थानाची अब्रू काय राहील? हैबतीनं सांगितलं, की मी कुठं जात नाही. गावाचा सारा परत घ्या. बदाम निम्मे करा. म्हशींतली एक मला ठेवा, बाकीच्या तान्ही लेकरं असलेल्या घरी बांधा. आणि सोन्याच्या कड्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हे मात्र राहू द्या. हे मी जिंकलंय. मी काही बैरागी नाही."

"आणि मैदान हरलास तर?"

"हरलो तर मी हरेन. लेकरांनी का उपाशी राहायचं?"

राजेसाहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर दौलू पाण्यानं भरलेली कातडी पखाल पाठीवर घेऊन चढ चढत होता. रोजच चढायचा. मग त्यांनी दिवाणजींना बोलावलं आणि सांगितलं, की उद्याच्या बाजारापासून सगळ्यांना पहिल्यासारखं पुरतं धान्य द्या, आणि दिवाळीपासूनचं राहिलेलंही द्या. दिवाणजींनी कपाळाला आठ्या घातल्या. पण हुकूम तो हुकूम.

मालनच्या घरी चूल दोन्ही वेळा पेटू लागली. ती पोटभर जेवली. पहिले काही दिवस काहीच फरक दिसेना, तेव्हा ती फार घाबरली. मग एका सकाळी अंगावरचं दूध असं भरून आलं, की गोजराला ठसका लागला. मालनला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर पोरीनं रडायला जो सूर लावला, तो चार घरं सोडून ऐकू जायचा. शेजारच्या कुरकुरायच्या. मालनला ते रडणं म्हणजे सनईच वाटायचं.

मैदानाचा दिवस आला. दहा गावची माणसं लोटली. समोर शेजारच्या संस्थानाचा येसबा होता, नव्या दमाचा. कुस्ती बराच वेळ चालली आणि शेवटी हैबतीचा गुडघा दुमडला. पाठ मातीला लागली.

दिवाणजी राजेसाहेबांना ऐकू जाईल असं म्हणाले, की बघा, ती पाणक्याची हडकुळी पोर मांडीवर आली तेव्हाच मी ओळखलं होतं.

हैबती माती झटकत उठला. म्हणाला, "पोरीनं नाही पाडलं, दिवाणजी. येसबानं पाडलं. डाव चांगला होता त्याचा." आणि त्यानं येसबाचा हात धरून वर केला. राजेसाहेबांनी स्वतः पहिली टाळी वाजवली.

हैबती लंगडत घरी आला. कधी नव्हे ते त्याच्यामागं कुणी आलं नव्हतं. अंगणात मालन उभी होती. दौलूनं घागरी आणल्या होत्या आणि तिनं तीन दगडांवर पाणी तापवून ठेवलं होतं.

"बसा दादा," ती म्हणाली. "गुडघ्याला शेक बसेल."

ती एका हातानं त्याच्या गुडघ्यावर पाणी सोडू लागली. गोजरा तिच्या काखेत होती. ती पुढं वाकली, तिनं हैबतीची मिशी मुठीत धरली आणि असा हिसडा दिला की त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मालन घाबरली, मूठ सोडवायला गेली. मूठ काही सुटेना.

"राहू द्या बाई," हैबती म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "येसबापेक्षा हिची पकड घट्ट आहे."

तात्पर्य: खेळणाऱ्याला भरपूर द्यावं, त्याचं कौतुकही करावं, पण ज्यांच्या कष्टावर गावाचा रोजचा दिवस चालतो, त्यांच्या लेकरांच्या तोंडचं काढून ते देऊ नये. गोष्ट पटली तर आपल्या मुलांना सांगा, शेजारणीला सांगा, आणि ज्यांच्या हातात दुसऱ्याची मजुरी ठरवणं आहे, त्यांच्या कानावर तेवढी आठवणीनं घाला.